मे महिन्यातली जागा

श्रावणात कर्जत-खालापूरमध्ये म्हशीचं शेपूट जरी शूट केलं, तरी ते परदेशातलं वाटतं. डोंगर हिरवे, दगड हिरवे, बाजूला उभ्या असलेल्या टेंपोच्या चाकालासुद्धा शेवाळ. ही गोष्ट जागेच्या दलालांना आमच्याआधी कळली. म्हणून आमच्याकडच्या यच्चयावत प्लॉटांचे व्हिडिओ पावसाळ्यातच निघतात. मागे धबधबा, पुढे छत्री घेतलेला दलाल, आणि तोंडी तेच मंत्र: "रिव्हर टच, रोड टच, स्टेशन पाच मिनिटांवर!" दिवाळीनंतर त्या नदीला टच करायचं तर आधी तिला शोधायला माणसं पाठवावी लागतात. आणि ती पाच मिनिटं कुठल्या घड्याळातली, हे शेलूला फ्लॅट घेतलेल्या मंडळींना अजून उमगलेलं नाही.

अशा या मुलखात आमच्या लोधिवलीच्या नंदा ठोंबरेने ठरवलं, की आपण जागा दाखवायची ती मे महिन्यात. तीही भर दुपारी, उन्हाने डोकं तापलेलं असताना.

तिच्या चॅनेलचं नावच मुळी 'मे महिन्यातली जागा'. बाकीच्या बायका उन्हाळ्यात पापड-कुरडया घालून वर्षाची बेगमी करतात. नंदा व्हिडिओंची करते. उन्हाळ्यात शूटिंग उरकायचं आणि पुढे वर्षभर दर रविवारी एकेक तळून वाढायचा. चौक, खालापूर, शिळफाटा, कर्जत, नेरळ, शेलू. याच्या बाहेर ती पाऊल टाकत नाही. एकदा कोणीतरी अलिबागची जागा दाखवायला सांगितली, तर म्हणाली, "तिथली मे महिन्यात कुठली विहीर आटते ते मला कुठं माहीत? तिथली नंदा शोधा!"

ही बाई पूर्वी एका बंगलेवाल्यांच्या साइट ऑफिसात होती. आलेल्या गिऱ्हाइकाला पाणी द्यायचं आणि खिडकीकडे हात करून "हा आपला रिव्हर व्ह्यू" म्हणायचं, एवढंच काम. एका जानेवारीत एक कुटुंब ताबा घ्यायला आलं. खिडकीतून बघितलं तर व्ह्यू होता, रिव्हर नव्हती. त्यांच्या लहान मुलीने विचारलं, "मावशी, नदी कुठे गेली?" साहेबांनी आतून खुणावलं, की सांग, येईल. नंदाने पाण्याचा ट्रे टेबलावर ठेवला, पर्स उचलली आणि घरी आली. सासूने विचारलं, "एवढ्या लवकर?" तर म्हणाली, "नदी गेली, तिच्याबरोबर मीपण आले."

मग तिने स्वतःच सुरुवात केली. शूटिंगला नवरा, राजेश. तो खोपोलीच्या कारखान्यात पाळीला जातो आणि सुट्टीच्या दिवशी बायकोचा कॅमेरामन होतो. चॅनेल एवढं मोठं झालं, पण राजेशचा अंगठा अजून फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यातून हललेला नाही. लोक लिहितात, "आज अंगठा दिसला नाही, दादांची तब्येत बरी आहे ना?"

नंदाचे व्हिडिओ बघितले तर वाटतं, ही जागा विकतेय की भांडण उकरून काढतेय? शेलूच्या इमारतीतून स्टेशनपर्यंत ती साडी नेसून, हातात भाजीची पिशवी आणि कडेवर शेजारणीचं पोर घेऊन चालत गेली. "अर्धा तास लागला, बाई," धापा टाकत म्हणाली, "पर पोर जड होतं, ते वजा करा." कुठे डोंगराला वणवा लागतो, कुठे वीज गेली की दुसऱ्या दिवशी येते, कुठल्या रस्त्यावर जत्रेच्या दिवशी गाडी शिरत नाही, सगळं सांगणार. आणि विहिरीबद्दल तर तिचा धडा ठरलेला: "विहिरीत नंतर डोकावा. आधी काठ बघा. पाणी टिकत असेल तर काठाला हिरवं असतं, आणि आत बेडूक असतो. बेडूक कुणाचा एजंट नसतो."

दलाल मंडळी पहिल्या वर्षी हसली. "ही जागा विकतेय का जागेची अब्रू?" असं नाक्यावर म्हणायची. दुसऱ्या वर्षी हसणं कमी झालं. कारण डोंबिवलीपासून दादरपर्यंतची माणसं गाडीतून उतरल्या उतरल्या विचारायला लागली, "नंदाताई कुठे राहतात?" जी बाई जागेतली खोट आपणहून सांगते, तिने चांगली म्हटलेली जागा डोळे मिटून घ्यावी, असा लोकांचा हिशेब. आमच्या गावाने तोपर्यंत इतर कशासाठी नाव कमावलेलं नव्हतं. आता कुठेही लग्नाला गेलं की "तुमी नंदाच्या गावचे का?" म्हणून पहिल्या पंगतीत बसवतात.

एक माणूस मात्र रुसला होता. तिचा सासरा, सहदेव ठोंबरे, म्हणजे गावाचा आबा.

आबाची गावाच्या वरच्या अंगाला माळाची जमीन आहे. त्यातला अर्धा तुकडा विकून नातीला, रियाला, नर्सिंग शिकवायचं असं घरात ठरलेलं. पण नंदाचा नियम होता, की नात्यातली जागा चॅनेलवर घ्यायची नाही.

"साऱ्या जगाच्या जागा दाखवते, आन् सासऱ्याची लपवते!" आबा ओटीवरून गावाला ऐकू जाईल असं म्हणायचा. "आमची इहीर बघ म्हणावं. माझ्या बापानं खणलीय. आजवर आटली नाय!"

"आबा, दर मे महिन्यात आटते," नंदा आतून म्हणायची.

"आटत नाय! जरा खाली जाते!"

शेवटी रियाच्या प्रवेशाची वेळ जवळ आली आणि नंदाने नियम मोडला. पण अट घातली: मे महिन्यात, दुपारी, थेट प्रक्षेपण. जे आहे ते दिसेल. आबाने लगेच आपली उलटी अट घातली: "बोलणार मी."

आता नंदाचं काय पणाला लागलं होतं ते सांगायला नको. जागा खोटी दाखवली तर चॅनेल संपलं. खरी दाखवली तर जागा पडून राहील, आणि रियाचं शिक्षणही.

रविवार आला. आबाने इस्त्रीची टोपी घातली, कानात अत्तराचा फाया घातला. मोबाइलमधून वास जात नाही हे त्याला सांगायची कोणाची छाती झाली नाही. राजेशने फोन धरला, अंगठा जागेवर आला, आणि हजारभर माणसं बघायला जमली.

आबा सुरू झाला. बापाने विहीर कशी खणली, सुरुंग कसे लावले, पहिलं पाणी लागलं तेव्हा देवीला बोकड कसा दिला. ऐकता ऐकता बापाची विहीर किल्ल्याएवढी झाली. मग त्याने काठावर उभं राहून हात पसरले.

"बघा! मे महिना हाय. आन् हे बघा पानी!"

राजेशने फोन खाली झुकवला. खरंच पाणी होतं! गुडघाभर, गढूळ, पण पाणी. नंदा चकित होऊन बघतच राहिली. लग्न होऊन आल्यापासून तिने मे महिन्यात या विहिरीत फक्त दगड आणि एक फुटकी बादली बघितली होती.

तेवढ्यात फोनवर व्हिडिओखाली लोकांचं लिहिणं सुरू झालं. नंदाचेच शिष्य ते, तिनेच घोटून घोटून शिकवलेले.

"ताई, पाणी आहे तर काठाला गवत का नाही?"

"उजवीकडे चाकाच्या खुणा कसल्या?"

"आबांना विचारा, बेडूक कुठे आहे?"

राजेशने भाबडेपणाने मोठ्याने वाचलं, "आबा, बेडूक कुठं हाय विचारतात."

आबाने विहिरीत डोकावून बघितलं. "बेडूक... गावाला गेलाय."

हजार माणसं हसली असतील. नंदा हसली नाही. तिने चाकाच्या खुणा बघितल्या. रस्त्यावरून वळून सरळ विहिरीपर्यंत आलेल्या, आणि काठाशी माती ओली. आदल्या दिवशी ती गिऱ्हाइकांना घेऊन कर्जतला गेली होती, तेव्हा दुपारी इथे काय झालं ते तिच्या लक्षात आलं.

"बंद करू का गं?" राजेश फोनमागून कुजबुजला.

"चालू ठेव," नंदा म्हणाली. मग सासऱ्याकडे वळली. डोक्यावरचा पदर सारखा केला, कारण काही झालं तरी सासरा होता. "आबा, टँकर कोणाचा?"

"कसला टँकर?"

"आबा."

आबाने डोंगराकडे बघितलं. टोपी काढली, परत घातली. मग छाती पुढे काढून म्हणाला, "रोहिदासचा. पर पानी गोडं हाय! चाखून बघा!"

नंदा फोनसमोर आली. "ऐका. ही जागा आमच्या घरची आहे. या विहिरीला एप्रिल सरेपर्यंत पाणी असतं, मे महिन्यात नसतं. आत्ता दिसतंय ते टँकरचं आहे, आणि उद्यापर्यंत मुरून जाईल. घेणाऱ्याने पावसाचं पाणी साठवायची टाकी बांधावी लागेल असं धरून चालावं. आबांनी केलं ते चूक केलं. मी तुम्हाला दुसऱ्याच्या जागेबद्दल हेच सांगितलं असतं, म्हणून स्वतःच्याही सांगते." आणि मग राजेशला, "आता बंद कर."

आबा चालू लागला, तो थेट चौकच्या नाक्यावर जाऊन बसला.

गावात दोन तट पडले. सुनेने सासऱ्याला जगासमोर आडवा घेतला, असं काहीजण म्हणाले. पण आनंदीबाईने, म्हणजे आबाच्या बायकोनेच, सगळ्यांची तोंडं बंद केली. "लगीन झाल्यापासून सांगतेय, अवो, एकदा तरी खरं बोला. माझ्यानं झालं नाय. सुनंनं मोबाइलवर करून दाखवलं. लाज कसली त्यात? मी तर त्यो व्हिडिओ दोनदा बघितला!"

तरी घरात कोणाला अन्न गोड लागेना. फोन वाजत नव्हता. नंदा भाकरी थापता थापता मध्येच थांबायची. रिया म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी बघू," तेव्हा नंदा एवढंच म्हणाली, "खोटं सांगून तुला नर्स केली असती, तर तू पेशंटला काय सांगितलं असतंस?" पण त्यानंतर भाकरी करपली.

आणि आठवड्याच्या शेवटी उल्हासनगरहून एक बाई आली. माधवीबाई. नुकत्याच निवृत्त झालेल्या, एकट्या, पायात बूट, हातात काठी. दारातच म्हणाल्या, "मला ती विहीर आटणारी जागा बघायची आहे."

आनंदीबाईला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "आटणारीच?"

"हो. गेल्या वर्षात न आटणाऱ्या सात-आठ बघितल्या. सगळ्या कोरड्या होत्या."

माळावर न्यायला नंदा निघाली, तर आबा आधीच पुढे. टोपी इस्त्रीची नव्हती. तो आठवडाभर नंदाशी बोलला नव्हता, आताही बोलला नाही. तो माधवीबाईंशी बोलायला लागला.

"हे बघा बाई, इहीर आटते. ते तुमाला म्हायती हाय. वारा येतो, पत्रं उडवतो. पत्रं घालू नका. तिकडं पल्याड मोबाइल लागत नाय. साप हाय, पर गरीब हाय. रस्ता पावसात चिखलाचा व्हतो. आन्..." त्याने थांबून विचार केला. "शेजारी मी हाय."

माधवीबाई हसायला लागल्या. "तो शेवटचा दोष मी व्हिडिओत बघितलाय. चालेल."

नंदाने तोंडाला पदर लावला. राजेश बरोबर होता, पण फोन त्याच्या खिशात होता. कोणी शूटिंग करत नव्हतं.

जागेचा कोपरा बघताना सगळे जांभळाच्या झाडाखाली आले. झाड काळ्या जांभळांनी लगडलेलं. आनंदीबाई म्हणाली, "हे मातुर आमच्याकडं राहील हां. हद्दीच्या अलीकडं हाय."

आबा चार पावलं पुढे गेला, गवत पायाने बाजूला केलं आणि मातीत गाडलेला एक दगड दाखवला.

"हद्द हिथनं जाते. सरकारी मोजनीत तसंच हाय. झाड तुमच्यात येतं, बाई."

"अवो!" आनंदीबाई ओरडली. "मला तर लगीन झाल्यापास्नं अलीकडं सांगता!"

"तुला सांगितलं," आबा म्हणाला. "यांना नाय सांगत."

नंदा त्या दगडाकडे बघत राहिली. मुलखातल्या सगळ्या हद्दी तोंडपाठ असलेल्या बाईला आपल्याच जमिनीतला हा दगड माहीत नव्हता. कोणी तो विचारला नसता, माधवीबाईंना कधी कळला नसता, आणि आबाने तो आपणहून उकरून दाखवला होता. डोळे भरून आले तर उन्हाचं निमित्त होतंच.

"मी घेते," माधवीबाई म्हणाल्या. "आणि जांभळं तुम्ही सगळ्यांनी खायची."

खाली उतरताना नंदा आबाच्या बाजूने चालायला लागली. आठवडाभरात पहिल्यांदा.

"आबा, पुढच्या रविवारी शिळफाट्याला एक जागा दाखवायची आहे. तुमी चला. खोट सांगायला माणूस लागतो."

"मी नाय येत," आबा म्हणाला. मग दहा पावलं गेल्यावर, "किती वाजता?"

"दुपारी."

"येईन. पर आधी जांभळं काढून घेऊ दे." त्याने मागे वळून झाडाकडे बघितलं. "अजून रजिस्ट्री झाली नाय."