खालून कापलेल्या चार ओळी

माशांवरचं सदर लिहिणारा माणूस मासे खात नाही, हे वाचकांना कळलं असतं तर पहिल्याच महिन्यात माझी हकालपट्टी झाली असती. आमच्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकरी आणि तीन पिढ्या वरणभात. पण गळ टाकून बसायचा नाद मला कचेरीतल्या एका सहकाऱ्याने लावला, तो निवृत्तीनंतरही सुटला नाही. काठी गच्चीवरच्या खोलीत राहते. ती खाली घरात आणायची नाही असा बायकोचा नियम आहे. मासा लागला की मी तो परत पाण्यात सोडतो, नाहीतर तिथल्याच कुणाला तरी देऊन टाकतो. "मग जाता कशाला एवढ्या उन्हात?" असं ती आजही विचारते.

आमच्या हैदराबादेतल्या मराठी माणसांसाठी एक छोटं साप्ताहिक निघतं. आठ पानं, दर रविवारी. चालवणारे गृहस्थ माझ्याच वयाचे. संपादक तेच, पानं लावणारे तेच, गठ्ठे उचलणारेही तेच. त्यांनी मला अफझलगंजला वाचनालयाच्या पायऱ्यांवर गाठलं. म्हणाले, "कविता नको, प्रवासवर्णन नको. ढिगाने पडलंय माझ्याकडे. वाचून माणसाला काही उपयोग होईल असं लिहा." मी म्हटलं, मासे. ते हसले नाहीत, हेच विशेष. फक्त एक गोष्ट बजावून सांगितली. "आयत्या वेळी जाहिरात आली की मी खालून कापतो. कुणाचंही लिखाण असो, विचारत बसत नाही. तेव्हा कामाचं वर लिहा, शोभेचं खाली."

हे मी इमानदारीने पाळलं. कुठल्या बाजूला पाणी उतरलंय, रोहू सकाळी लागतेय की उन्हं कलल्यावर, चाऱ्यासाठी बेगम बाजारातून शेंगदाण्याची पेंड आणली तर ती किती भिजवायची, गाळात पाय कुठे रुततो, हे सगळं वर. मग खाली माझी हौस. पाण्यावरचं धुकं, एखादा खंड्या, असलं काहीतरी. निम्म्या वेळा ते छापूनच यायचं नाही. बायको अंक चाळून म्हणायची, "अहो, आज शेपूट छाटलं वाटतं. बरं झालं, वाचायला सुटसुटीत आहे."

वाचक दोन तऱ्हेचे. एक आमच्यासारखे जुने, वकील, मास्तर, कारकून, अंक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचणारे आणि चूक सापडली की फोन करणारे. दुसरे पुण्या-मुंबईहून आलेले संगणकातले लोक. त्यांच्याकडे महागाच्या काठ्या, पण पाणी ओळखीचं नाही. त्यांच्यातला कुणीतरी सदराचा फोटो काढायचा आणि तो फोनवरून फिरायचा. ते मला "काका" म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

आता खरी गोष्ट. सदरातलं कामाचं जे काही होतं त्यातलं फार थोडं माझं होतं. बाकी सगळं अण्णाचं. अण्णा म्हणजे शहराबाहेरच्या एका तलावावरचा म्हातारा कोळी. तेलुगू माणूस, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. तलावाचं नाव मी कधी छापलं नाही, आजही लिहिणार नाही; गळवाल्यांना मात्र तो ठाऊकच होता. कोळ्यांच्या सहकारी सोसायटीचा तो तलाव. रविवारी एका बाजूला गळवाल्यांना बसू देतात. थर्माकोलचे जाड तुकडे बांधून केलेल्या तराफ्यावर उकिडवा बसून अण्णा हाताने पाणी मारत जाळी बघत फिरायचा. मी सदर लिहितो हे कळल्यावर त्याने मला बांधावर बोलावून घेतलं. "मेरे पानी की बात है ना साब? तो पैले मेरेकू सुनाव, क्या लिखे."

त्याला मराठी येत नाही, आणि वाचता तर कुठलीच भाषा येत नाही. तेव्हापासून आमचा रिवाज पडला. रविवारी सकाळी दारात अंक पडला की तो न उघडता पिशवीत टाकायचा, तलाव गाठायचा, आणि अण्णाच्या समोर घडी मोडून सदर वाचायचं. मी मराठी वाचायचो आणि वाक्यावाक्याला आमच्या हैदराबादी बोलीत सांगत जायचो. तो डोळे मिटून ऐकायचा. पटलं की "हौ", नाही पटलं की "नक्को". मग चहा. मग पुढच्या आठवड्याचं तो सांगायचा आणि मी लिहून घ्यायचो. माझ्या साहेबांनीसुद्धा नोकरीत कधी माझा कागद इतक्या लक्षपूर्वक ऐकला नव्हता.

एका पावसाळ्यात त्याने मला तराफ्याशेजारी गुडघाभर पाण्यात उभं करून बोट दाखवलं. लव्हाळ्याच्या कोपऱ्यात पाण्याच्या अगदी वर, सुपाएवढा एक लालसर डाग हलत होता. बघता बघता तो खाली गेला आणि हातभर पुढे परत वर आला. मरळीची पिल्लं! तेलुगूत तिला कोरमीनु म्हणतात, आणि आमच्या शहरात हा मासा म्हणजे पाहुण्यांच्या ताटातला मान. महिनाभर ही पिल्लं अशी लाल असतात आणि जथ्याने फिरतात. आईबाप बरोबर त्यांच्या खाली उभे असतात. त्या डागावर गळाला लावलेला बेडूक टाकला की राखण करणारी मरळ झेप घेणारच. भुकेने नाही, रागाने. म्हणजे पोरालाही धरता येईल इतकी ती सोपी.

"लाल दिखा तो हात रोक लेव," अण्णा म्हणाला. "मां-बाप कू उठा लिए तो पूरा खानदान गया."

मग त्याने सांगितलं की बाकीचं सगळं मत्स्यबीज, रोहू, कटला, बाहेरून गाडीतून येतं आणि सोडलं जातं. मरळ मात्र या तलावाची स्वतःची. त्याच्या बापाने त्या कोपऱ्यात कधी जाळं लावलं नाही, त्यानेही लावलं नाही. "ये लिखो साब. अच्छे से लिखो. इत्ते लोग आरे, उनकू मालूम होना."

मी घरी आलो तो भारावून. त्या आठवड्यात माझ्या हातून जे सदर उतरलं तसं आधी कधी उतरलं नव्हतं. लाल डाग कसा ओळखायचा, तो कुठल्या कोपऱ्यात दिसतो, किती वेळाने वर येतो, खाली मरळ नक्की असतेच, बेडकावर ती कशी तुटून पडते, हे सगळं रंगवून रंगवून लिहिलं. वाचणाऱ्याचे हात शिवशिवले पाहिजेत, असं. आणि मग शेवटच्या चार ओळींत: आता काठी खाली ठेवा. हे आईबाप आहेत. ते गेले तर पिल्लं दोन दिवसांत संपतील. लाल दिसलं की हात आवरायचा.

कामाचं वर, शोभेचं खाली. मला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण शेवटी धक्का द्यायचा मोह अनावर झाला. बायकोला वाचून दाखवलं तर तीसुद्धा एकदम गप्प झाली. म्हटलं, जमलं! त्या गप्प होण्यावरच मी भाळलो.

रविवारी बांधावर घडी मोडली. वाचत वाचत खाली आलो आणि "बेडकावर ती तुटून पडते" या वाक्यापाशी सदर संपलं. त्याखाली चौकट होती. कुणाच्या तरी आईला श्रद्धांजली, फोटोसकट. त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. रागवायचं तरी कुणावर?

अण्णा डोळे मिटून बसला होता. "आगे?"

आणि मी पुढचं सांगितलं. छापलेलं नसलेलं, तोंडपाठ. काठी खाली ठेवा, हे आईबाप आहेत, हात आवरायचा. अंक समोर धरून, जणू वाचतोय असा. अण्णाने डोळे उघडले, ते भरून आले होते. माझा हात धरून म्हणाला, "हौ साब. सबसे जरूरी येइच था."

त्याच क्षणी खरं सांगितलं असतं तर सगळं निभावलं असतं, हे मला आता लख्ख दिसतं. त्याने आपल्या दोन माणसांना त्या कोपऱ्यात बसवलं असतं, महिनाभर गळवाल्यांना पलीकडच्या अंगाला हाकललं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण माझी फजिती त्याच्यासमोर उघडी करायची माझी छाती झाली नाही. मनाशी म्हटलं, पुढच्या अंकात पहिल्या ओळीत टाकू. सात दिवसांत असं काय आभाळ कोसळणार आहे! घरी येऊन संपादकांना फोन केला. ते म्हणाले, "तुम्हीच खाली ठेवलंत ना? मी तर तुम्हाला सांगितलं होतं." बरोबरच होतं त्यांचं.

पुढच्या रविवारी बांधावर गाड्यांची रांग होती. एवढे लोक मी तिथे कधी पाहिले नव्हते. हसतमुख असा एक तिशीचा गृहस्थ लगबगीने माझ्याकडे आला. सदरासोबत माझा फोटो छापतात, त्यावरून ओळखलं असावं. "काका, तुम्हीच ना? अहो, काय लिहिलंय तुम्ही! डिट्टो तसंच झालं. लाल डाग, बेडूक, आणि दणका!" त्याने गोणपाट बाजूला केलं. दोन मरळी, हातभर लांबीच्या. "दोन्ही एकाच जागी, दहा मिनिटांच्या अंतराने. दोन वर्षं येतोय, पहिल्यांदा काहीतरी लागलं. थँक यू, काका."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण ओरडणार काय? बिचाऱ्याने मी सांगितलं तेवढंच केलं होतं, आणि वर आभार मानत होता. मी "वा" म्हटलं. खरंच म्हटलं, "वा."

लव्हाळ्याच्या कोपऱ्यात अण्णा तराफ्यावर होता. हातातल्या बांबूने तो पाण्यावर फटके मारत होता, कारण बगळे त्या लाल डागावर उतरायला बघत होते. डाग आता सुपाएवढा नव्हता, बशीएवढा राहिला होता. खाली कुणी नाही हे पिल्लांना कळलेलं नसावं. ती तशीच खाली जायची आणि परत वर यायची.

मला पाहून अण्णा काठाला आला. दम लागला होता. "देखे साब? तुम इत्ता अच्छा लिखे, फिर बी नै सुने लोगां. कैसे लोगां हैं! पढ़ के बी नै सुनते."

तो माझी बाजू घेत होता. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चपला काढून पाण्यात उतरलो आणि त्याला सांगितलं. शेवटच्या ओळी छापल्याच नव्हत्या, लोकांनी त्या वाचलेल्याच नाहीत, तुला जे ऐकवलं ते कागदावर नव्हतं. आजच्या अंकात पहिल्या ओळीत आहे, मोठ्या अक्षरात आहे. हेही सांगितलं, तेवढंच आपल्या बाजूने.

अण्णाने बांबू तराफ्यावर आडवा ठेवला. मग एकच विचारलं. "पिछले इतवार कू मालूम था तुमकू?"

"हौ," मी म्हटलं.

त्याने तराफा ढकलला आणि परत बगळ्यांकडे गेला. माझ्या पिशवीतला अंक त्या दिवशी उघडलाच गेला नाही. दोन दिवसांनी मी मुद्दाम गेलो तेव्हा पाणी नुसतं पाणी होतं.

मी तीन आठवडे तिकडे फिरकलो नाही. सदर बंद करतो असं संपादकांना सांगून टाकलं, ते म्हणाले तुमची मर्जी. बायको म्हणाली, "लिहा नाहीतर लिहू नका. पण त्या माणसाला तोंड दाखवा आधी." ती असं बोलते तेव्हा वाद घालण्यात अर्थ नसतो. गेलो. अण्णाने चहा दिला. गुडघे दुखतात म्हणाला, लिंगमपल्लीकडच्या नातेवाईकाचं लग्न झालं म्हणाला. बराच वेळ असंच इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "लिखना बंद करे?" मी मान हलवली. "कैकू? लिखो. अब क्या लिखना, क्या नै, तुमकू मालूम है."

तेव्हा मी पुन्हा लिहू लागलो. महत्त्वाचं पहिल्या ओळीत, आणि खाली काहीच नाही. संपादक म्हणतात सदर रुक्ष झालंय. असू दे. त्या कोपऱ्यात पुढच्या पावसाळ्यातही लाल काही दिसलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दर रविवारी अण्णा मला पहिल्यासारखंच पाण्याचं सांगतो, काही राखून ठेवत नाही. चहाही तसाच देतो.

फक्त वाचायला बसलो की आता तो डोळे मिटत नाही. माझ्या शेजारी सरकून बसतो आणि मला ओळीखाली बोट ठेवून वाचायला लावतो. त्याला एक अक्षर कळत नाही, पण माझं बोट जिथे जाईल तिथे त्याची नजर जाते. बोट शेवटच्या शब्दावर थांबलं की तो कागदावर वाकून बघतो आणि विचारतो, "बस? इत्ताच लिखेला है?"

"हौ अण्णा," मी म्हणतो. "इत्ताच."