डेनिश काका

कोणाच्याही घरी गेले की डेनिश काका आधी भिंतीला तळहात लावत आणि मग माणसांकडे वळत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा चहाआधीच म्हणाले, "यावर सिमेंट कोणी थापलं? जुनी भिंत आतून ओली राहते अशानं." घर भाड्याचं होतं, तरी मी ओशाळलो.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नोकरीमुळे मी सेंट क्रॉय बेटावर, ख्रिश्चनस्टेड गावात होतो. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट अमेरिकेचं, पण गाव डेन्मार्कच्या राजवटीत बांधलेलं. पिवळ्या विटा, रस्त्यालगत कमानींची पडवी, खिडक्यांना जाड लाकडी झडपा. आज इकडे अमेरिकेत, फ्रिस्को गावातल्या माझ्या घराची भिंत बोटाने ठोकली तर पोकळ वाजते, आणि ते गाव फार आठवतं.

काका मूळचे साताऱ्याचे, सिव्हिल इंजिनियर. ख्रिश्चनस्टेडमधलं एक पडकं डेनिश घर घेऊन स्वतः दुरुस्त करत, म्हणून आम्ही ठेवलेलं हे नाव. त्यांना ते आवडत नसे. "डेनिश लोकांनी नुसता हुकूम सोडला. उन्हात विटा रचल्या त्या गुलामांनी," म्हणत.

पूर्वी तिथे चुन्यात काकवी घालत, असं गावातली म्हातारी माणसं सांगत. काका खूश! "आपल्याकडे गूळ, इथे काकवी. मग हे गाव परकं कसं?" त्यांनी घरातली बरणी चुन्यात रिकामी केली. दुसऱ्या दिवशी घमेल्याभोवती मुंग्याच मुंग्या. काकू म्हणाल्या, "भिंतीला गोडधोड, मला रोज पिठलं."

एकोणनव्वदच्या वादळात काकांच्या घराचं छप्पर उडालं. मी मापाची टेप घेऊन मदतीला गेलो. सव्वादोन फुटी भिंतीला कुठेही तडा नव्हता. "छप्पर काय, पुन्हा घालू," काका म्हणाले. पण वादळभर काकू जिन्याखाली बसून होत्या. फोन सुरू झाल्यापासून मिनेसोटाहून मुलगा सांगत होता, "बाबा, एनफ. आईला घेऊन ईडन प्रेरीला या." काका लाकडाची मापं काढत राहिले. शेवटी काकू हळूच म्हणाल्या, "भिंत टिकली हो. मी नाही टिकणार इथे." काकांनी टेप गुंडाळून ठेवली.

दोघांना विमानतळावर सोडायला मी गाडी घेऊन गेलो, तर काका वरच्या मजल्यावर एकेक झडप ओढून कडी लावत होते.

"अहो, डोक्यावर उघडं आभाळ, आणि झडपा कसल्या लावताय?" काकूंनी विचारलं.

"इथे पाऊस तिरका येतो," ते म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले.

काकूंनी हातातली बॅग खाली ठेवली आणि पलीकडच्या झडपा लावायला घेतल्या.