डावीकडच्या काचेचं बटण

आमच्या गाडीचं वय आता चारचौघांत सांगायची सोय राहिलेली नाही. डावीकडच्या काचेचं बटण तर गाडीच्याही आधी म्हातारं झालं. दाबलं की कधी काच खाली जायची, कधी नुसतंच टक्क व्हायचं. इतकी वर्षं त्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं. मग बायकोची केमो सुरू झाली आणि अडायला लागलं. एसीच्या वासानं तिला मळमळायचं. परतताना येरवड्याच्या सिग्नलला गाडी थांबली की तिला वारा हवा असायचा, आणि तिची काच माझ्या बाजूनं उघडायचं बटण केव्हाच निकामी झालेलं. एकदा काच उघडलीच नाही. तिनं ओढणी तोंडाशी धरली, सगळं त्यातच झालं, आणि वर मलाच म्हणाली, "सॉरी हं." त्या सॉरीचा मला फार राग आला.

नाना पेठेतल्या स्पेअरपार्टवाल्यानं गाडीचं नाव ऐकून चष्मा वर केला. "अजून चालते?"

"चालते."

"मग नशीबवान आहात," म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

शेवटी मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्तमानपत्र पसरून मीच ते बटण उघडलं. आत धूळ असेल असं वाटलं होतं. निघालं कुंकू. दर दसऱ्याला गाडीची पूजा तीच करायची. स्टिअरिंगला, किल्लीला, आणि 'ही माझी काच' म्हणून या बटणालाही ओलं हळदकुंकू लावायची. ते फटीतून आत उतरून तांब्याच्या पट्ट्यांवर काळपट लाल थर धरून बसलं होतं. मी ते वर नेऊन तिला दाखवलं. "तुझी पूजा फळली बघ." ती बऱ्याच दिवसांनी हसली, मग खोकत बसली.

स्पिरिटच्या कापसानं थर काढला, जुन्या टूथब्रशनं कोपरे घासले, पट्ट्या जिथं एकमेकींना टेकतात ते पॉइंट खोडरबरनं लख्ख केले. काच सुर्रकन खाली गेली. पुढच्या खेपेला तिनं डोळे मिटून चेहरा वाऱ्याला धरला, आणि मी वेड्यासारखा खूश झालो. पण पॉइंट मुळातच झिजलेले. बटण पुन्हा मुकं झालं. मग प्रत्येक केमोच्या आदल्या दिवशी ते उघडायचं, घासायचं, परत बसवायचं, हे माझं कामच होऊन बसलं. दर घासण्याला तांबं थोडं कमी होतंय हे मला दिसत होतं. न घासून चालणारही नव्हतं.

नवरात्रात डॉक्टर म्हणाले, आता यांना आणू नका, घरीच आराम करू दे. त्या दिवशी परतताना बटण एका दाबात चाललं. मी हात लांब करून दाबलं होतं. काच पूर्ण खाली गेली, वारा आला, आणि ती झोपलेली होती.

दसऱ्याला तिला खाली येववेना. ताट तिनं पलंगावरूनच माझ्या हातात दिलं. "सगळीकडे लावा. तेवढं त्या बटणाला नका लावू, परत अडकेल."

बरं म्हणून मी खाली आलो. स्टिअरिंगला लावलं, किल्लीला लावलं. मग डावीकडचं दार उघडलं, बोट कुंकवात चांगलं बुडवलं आणि त्या बटणाला सगळ्यात जास्त लावलं, फटीत उतरेल इतकं. आता ते अडकलं तरी कुणाचं काही अडणार नव्हतं.