बुडबुडे न आलेली बरणी

बारावीला जीवशास्त्राची प्रात्यक्षिकं आम्ही कधी केलीच नाहीत, फक्त उतरवली. सिल्वासातल्या आमच्या कॉलेजात मागच्या वर्षीचं एक सुबक जर्नल ठेवलेलं असे. सगळा वर्ग त्यावरून आकृत्या काढायचा, निरीक्षणंही तीच लिहायचा. मायक्रोस्कोप कपाटात कुलूपबंद. नव्वदच्या सुमाराची गोष्ट आहे, पण आजही आठवलं की डोकं तापतं.

हायड्रिलाचा प्रयोग मात्र मी घरी केला. त्याला लागतं काय? पाणवनस्पतीची एक फांदी, पाणी आणि ऊन. फांदीने प्राणवायू सोडला की पाण्यात बुडबुडे दिसतात. आमलीतल्या आमच्या चाळीच्या ओट्यावर मी काचेच्या दोन बरण्या ठेवल्या. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत खडोलीच्या कारखान्यामागच्या नाल्याचं. त्याच कारखान्यात माझे वडील फिटर होते, धुळ्याहून त्यासाठीच आलेले. पहिल्या बरणीत तासाभरात बुडबुड्यांची माळ लागली. दुसरीत एकही नाही. तिसऱ्या दिवशी तिथली फांदी काळी पडून तळाला बसली.

मी जे दिसलं ते लिहिलं, दोन्ही बरण्यांच्या आकृत्यांसकट. जीवशास्त्राच्या गुजराती सरांनी पान बघितलं आणि लाल पेनाने आडवी रेघ मारली. "आ सिलेबसमां नथी. एकच बीकर काढायचा, बुडबुडे दाखवायचे." मी म्हटलं, "सर, पण मी पाहिलंय." ते हसले. "देखने का मार्क नहीं है, बेटा." जर्नलवर त्यांची सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेलाच बसता येत नव्हतं. सही नाही म्हणजे वर्ष बुडालं, आणि घरात बारावीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच.

संध्याकाळी वडिलांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले, "सर सांगतस तसं लिख, माय. नालानं नाव लिखू नको." मला त्यांचा भयंकर राग आला. नाल्याचं पाणी कसं आहे हे त्यांना माझ्या बरणीची वाट न बघता माहीत होतं, हे त्याच क्षणी कळलं. त्या नाल्यावर खडोलीच्या बायका कपडे धूत, गुरं पाणी पीत.

पान फाडलं. नवीन पानावर एक बीकर काढला, त्यात गोल गोल बुडबुडे, मागच्या वर्षीच्या जर्नलात होते तेवढेच, मोजून. सही मिळाली.

परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक शांत, चांगले गृहस्थ होते. नेमकं तेच पान उघडून त्यांनी विचारलं, "हा प्रयोग स्वतः केलास?"

"हो सर."

"आणखी काही वेगळं दिसलं का?" त्यांनी पेन खाली ठेवलं होतं, ऐकायला. आमच्या वर्गात असं कुणी कधी विचारलं नव्हतं. आमचे सर दारात उभे होते.

"नाही सर," मी म्हटलं.

पैकीच्या पैकी मिळाले. सरांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या, अजूनही घालते. पण ते परीक्षक ऐकायला तयार होते, आणि गप्प बसले ती मी.