हजरजबाबी, पण मंजुरीनंतर

"उत्तरं शुक्रवारपर्यंत मेल करायला सांग सगळ्यांना," एचआरच्या मॅडम म्हणाल्या. "लीगलचं अप्रूव्हल लागेल."

"मॅडम, स्पर्धा हजरजबाबीपणाची आहे."

"म्हणून तर."

बेलापूरच्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत मी इंटर्नल कम्युनिकेशन्स बघते. म्हणजे मॅनेजमेंटला कामगारांशी जे बोलायचं असतं, ते गोड करून लिहिते. उलट दिशेने लिहायची पोस्ट आमच्याकडे नाही.

मराठी दिनाच्या या स्पर्धेच्या पोस्टरवर मी 'हजरजबाबी' शब्दाची माहिती दिली. हजर आणि जबाब हे दोन्ही शब्द मूळ अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आले. हजर म्हणजे समोर असलेला, जबाब म्हणजे उत्तर. नेमकं उत्तर ज्याच्या जिभेवर तयार असतं, तो हजरजबाबी.

मॅडमनी पोस्टर पास केलं. वाचलं नसावं.

कार्यक्रमाला दोन मोठे क्लायंट आले होते. स्पर्धेसाठी आमच्या उरणच्या गोडाऊनमधून वनिता पाटील आली होती. माल स्कॅन करते, ठेकेदारामार्फत. महिनाअखेरीला तिचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं.

डायरेक्टर साहेबांनी कागदावरचा प्रश्न विचारला, "कंपनी तुमच्यासाठी काय आहे?"

"कुटुंब," वनिताने मंजूर उत्तर दिलं.

टाळ्या पडल्या. साहेबांना चेव आला. "मग कुटुंबात तक्रारी कशाला करता?"

"साहेब, कुटुंबाच्या घरात बाईमानसाला संडास असतो. आमच्या गोडाऊनला नाय. आमी पेट्रोल पंपावर जाताव."

आधी क्लायंट हसले, मग हॉल. साहेबांनाही हसावं लागलं. पहिलं बक्षीस त्यांनी तिथेच तिच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला बोलावलं. "ठेकेदाराला मेल टाक. त्या पाटीलला पुढे घेऊ नका म्हणावं."

"कारण काय लिहू?"

"उद्धटपणा."

"साहेबांनी त्यालाच बक्षीस दिलंय, क्लायंटसमोर. फोटो आपल्या पेजवर आहे."

"तू लिही गं. शब्द तुला सुचतात."

"हा नाही सुचणार, मॅडम. लिहायचा असेल तर तुमच्या नावाने तुम्ही लिहा."

त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला. पाच मिनिटांनी बंद केला. मेल गेला नाही.

वनिताचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. गोडाऊनला महिलांचं शौचालय आलं. साहेबांनी फीत कापली, भाषण मी लिहिलं. त्यात त्यांची दूरदृष्टी दोनदा आहे.

हजरजबाबी माणूस सगळ्यांना आवडतो. मात्र त्याची नोकरी टिकायला भरलेला हॉल लागतो.