कैनाडच्या शेतातलं विमान

"कैनाडला शेतात विमान उभं आहे. बघायचं तर रविवारच्या आत या," असा घोलवडच्या मामांचा फोन आला आणि आमच्या ह्यांनी लगेच गाडीत पेट्रोल भरलं. २०१७चा डिसेंबर होता. मामा रेल्वेतून निवृत्त झालेले, थापा मारणाऱ्यातले नव्हेत. एका विक्षिप्त विमानवेड्या संशोधकावर कोट्यवधींचा सिनेमा निघत होता, त्याचं शूटिंग तिथे चाललं होतं.

ठाण्याहून सकाळी सहाला निघालात तर नाश्त्याला चारोटी नाक्यावर पोचता. तिथून डहाणूकडे वळायचं. कैनाडचा रस्ता अरुंद आहे. समोरून ट्रॅक्टर आला तर गाडी मागे घ्यायची तयारी ठेवा. आम्ही दोनदा घेतली, ह्यांची चिडचिड वेगळी.

भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात ते विमान दिसलं. घराएवढे पंख, सगळे बांबूचे. बाजूला अख्खं खोटं गाव, घोडागाड्या, तळासरीच्या हॉटेलांत उतरलेली शंभरेक माणसं. पंख बांधले होते मामांच्या ओळखीच्या नवसूदादांनी. ते जवळच्या रानशेत गावचे, जन्मभर घरं बांधत आलेले. बांबूच्या पातळ पट्ट्या भिजवून गाठ मारायची, वाळली की ती आवळते. एक खिळा नाही.

प्रसंग असा होता, की संशोधकाचं पहिलं विमान उतारावरून पडून मोडतं. आत पुतळा बसवून विमान सोडलं. नाक मातीत रुतलं, कापड फाटलं, पण एकही गाठ सुटली नाही. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. दिग्दर्शक तरातरा नवसूदादांकडे आला.

"ढिलं बांधायला सांगितलं होतं ना?"

"सांगला व्हता," नवसूदादा म्हणाले. "पन आत मानूस बसनार, असा बी सांगला. ढिला बांदला तं मानूस पडंल."

दिग्दर्शकाने वळून कुऱ्हाडी मागवल्या. मला वाटलं, निदान गाठी सोडायला नवसूदादांना सांगतील. कुणी विचारलंसुद्धा नाही. दोन महिन्यांचं काम चौघांनी दहा मिनिटांत ठिकठिकाणी तोडलं. तिसऱ्यांदा विमानाच्या चिंधड्या झाल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवसूदादा बांधावर उभे राहून शेवटपर्यंत बघत होते.

त्या संध्याकाळी मामींनी बागेतले चिकू कापून पुढे ठेवले. घोलवडला गेलात तर झाडाखालीच बसून खा, तशी गोडी शहरात मिळत नाही.

२०१९मध्ये सिनेमा लागला. ठाण्यात महागडं तिकीट काढून बघितला. नायक पंखाची गाठ आवळतो, मदतनीस म्हणतो, थोडं ढिलं ठेवा. नायक कॅमेऱ्याकडे वळून धीरगंभीर आवाजात म्हणतो, "ढिलं बांधलं तर माणूस पडेल." थिएटरात शिट्ट्या. शेवटी नावांची यादी संपेपर्यंत मी खुर्चीतून उठले नाही. रानशेतच्या कुणाचंही नाव त्यात नव्हतं.

संतापाने मी मामांना फोन केला. योगायोगाने नवसूदादा त्यांच्याकडेच कुंपण बांधायला आले होते. मामांनी फोन त्यांना दिला. मी सगळं सांगितलं, त्यांचंच वाक्य चोरलं म्हणून.

"ताई," ते म्हणाले, "पिच्चरमंदी त्यो आतला मानूस वाचला ना?"

"वाचला," मी म्हटलं.

"मग बरा झाला," ते म्हणाले आणि फोन मामांकडे देऊन कामाला गेले.