नोट्समधली पडीक जमीन

मला मोठ्यानं पाठ करायची खोड होती. ओटीवर येरझाऱ्या घालत घोकलं की डोक्यात बसतं, असा माझा ठाम समज. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तळवलीहून वाशीच्या कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच, त्यामुळे माझं घोकणं सगळं घर कौतुकानं ऐकायचं. त्या संध्याकाळी भूगोलाच्या सरांच्या नोट्स चालल्या होत्या : ‘नवे शहर वसण्यापूर्वी येथे पडीक, निरुपयोगी खाजण होते.’ दोन-तीनदा ते वाक्य ऐकल्यावर बाबांचा जाळं विणणारा हात थांबला.

‘पडीक? मंग तुजा काका कशापायी मेला?’

आमची भातशेती त्याच खाजणात, खाडीकाठच्या खारीतली. खाडीचं पाणी आत शिरू नये म्हणून गावानं चिखलाचा बांध घातलेला. उधाणात तो फुटला की हाक यायची आणि घरटी एक माणूस धावायचा. काही जण एकमेकांना धरून त्या खिंडारात उभे राहायचे आणि बाकीचे त्यांच्यापुढे चिखल टाकायचे. एका उधाणात बाबा तापानं पडलेले, म्हणून त्यांचा धाकटा भाऊ गेला. बांध वाचला, काका वाहून गेला. त्या वर्षीचं भात आम्ही खाल्लं. बाबा ते कधी विसरले नाहीत.

‘मास्तरला सांग,’ बाबा म्हणाले.

‘सांग, पन गोडीत,’ आई म्हणाली. ‘मार्कं त्यांच्या हातात हायेत.’

आमच्या कॉलेजात सरांचं चुकलं असं म्हणायची पद्धत नव्हती. ‘सर, एक शंका होती,’ म्हणायचं. मी ती शंका पोटात घेऊन कितीतरी दिवस फिरले. शेवटी खारीतल्या लाल तांदळाची भाकरी डब्यात घालून स्टाफरूममध्ये गेले. सरांनी तुकडा मोडून खाल्ला.

‘छान आहे गं! कुठला तांदूळ?’

‘आमच्या खारीतला, सर. तीच शंका होती. नोट्समध्ये त्या जमिनीला पडीक म्हटलंय.’

मग काकाचंही सांगितलं. सर रागावले नाहीत. माणूस खरंच भला होता. डब्याचं झाकण लावत म्हणाले, ‘मी पुस्तकावरून उतरवलं होतं. परीक्षा झाली की येतो, मला तो बांध दाखव. पेपरात मात्र नोट्सप्रमाणेच लिही, तपासणारा मी नसणार.’

मी पेपरात पडीक लिहून आले.

नव्या शहरासाठी जमीन सरकारनं आधीच घेतली होती. भराव पडेपर्यंत आम्ही ती कसत होतो, इतकंच. नेमके परीक्षेच्या दिवसांतच डंपर आले. सर आले त्या रविवारी बाबांनी लग्नाकार्यातला पांढरा सदरा घातला होता. त्यांनी सरांना मुरुमाच्या सपाट माळावर नेलं. ‘बांध हितं व्हता,’ म्हणाले. मग थोडं पुढे जाऊन, ‘नाय, हितं.’ मग मागे वळले. आयुष्यभर डोळे मिटून चाललेल्या जागेत माझा बाप वाट चुकत होता. मला ते बघवेना.

‘राहू द्या, मी मानतो तुमचं,’ सर हळूच म्हणाले.

‘मानू नका. बघा,’ बाबा म्हणाले. पण दाखवायला काहीच नव्हतं.

पुढच्या वर्षी सरांनी मला मुद्दाम बोलावून नव्या नोट्स दिल्या. ‘ते वाक्य काढून टाकलं बघ,’ म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मी मनापासून आभार मानले आणि धावत घरी आले.

बाबांना सांगितलं, ‘पडीक काढलं सरांनी.’

‘बरं झालं. मंग त्या जागी काय लिवलं?’

मी पान उलटसुलट करून पाहिलं. नोट्स थेट नव्या शहरापासूनच सुरू होत होत्या.

‘काय नाय, बाबा.’

बाबांनी पुन्हा जाळं हातात घेतलं. ‘म्हंजे आता पडीक पन नाय ऱ्हायली,’ म्हणाले.

त्यानंतर घरात मी मनातल्या मनात वाचू लागले.